गुलाबाच्या वाफ्याखाली

मित्रांनो, मी आता म्हातारा झालेला फॉक्स टेरियर कुत्रा आहे. तोंडावरचा तपकिरी रंग पार पिकला आहे, तरी जमिनीत खुडबुड ऐकू आली की माझे पुढचे पाय शिवशिवतात. त्यात माझा दोष नाही. बिळात दडलेल्या कोल्ह्याला हुसकून बाहेर काढायचे, याच कामासाठी माणसांनी आमची जात घडवली.

मला मात्र कोल्हा कधी दिसलाच नाही. मी वाढलो कपडे शिवणाऱ्या ताईंकडे, मशीनखालच्या चिंध्यांवर. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. परसातले गुलाब त्यांनी जिवापाड जपले होते, आणि माती नेमकी तिथेच भुसभुशीत होती. मी रोपांमागून रोपे उकरली. मास्तरांनी माझे नाव 'खुरप्या' ठेवले आणि ताईंशी बोलणे टाकले. ताईंनी मनावर दगड ठेवून मला साखळीला बांधले. मी अन्नाला तोंड लावेना, तेव्हा त्यांच्याही घशाखाली घास उतरेना.

एका दुपारी त्यांनी मला जरा मोकळे सोडले. तेवढ्यात एक घूस वाफ्याखालच्या बिळात शिरली आणि तिच्यामागे मीही. आत वळलो, तोच मागची माती धसकन खाली आली. पुढे जाता येईना, मागे सरता येईना. मी भुंकत राहिलो. वरून ताईंच्या हाका येत होत्या. हळूहळू मला श्वास पुरेना.

मग मास्तर आले. जमिनीला कान लावून ते माझा ठाव घेऊ लागले.

"मास्तर, इथे तर तुमचे गुलाब आहेत," ताई रडत म्हणाल्या.

"गुलाब पुन्हा लावता येतील. तू त्याला हाका मारत राहा, गप्प बसू देऊ नकोस."

कुदळ मला लागू नये म्हणून शेवटची माती त्यांनी हातांनी उपसली. काट्यांनी बोटे रक्ताळली. त्यांनी मला शेपटीला धरून बाहेर ओढले. मी शिंकलो, अंग झाडले आणि पुन्हा बिळाकडेच झेपावलो, कारण घूस अजून आतच होती. मास्तर मटकन खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. रडता रडता ताईही हसल्या.

त्यानंतर परसाचा एक कोपरा माझा झाला. मास्तर तिथे रोज जुना चेंडू पुरतात आणि मी तो उकरून काढतो. साखळी ताईंनी भंगारात देऊन टाकली.

मित्रांनो, कुत्रा घरी आणण्याआधी त्याच्या रक्तात काय आहे ते जाणून घ्या. त्याची ओढ मारू नका, तिला थोडी जागा द्या. आता मला खोल उकरवत नाही. म्हणून मास्तर हल्ली चेंडू जेमतेम मातीने झाकतात, आणि मला तो सापडला की ते आणि ताई दोघेही मोठे नवल झाल्यासारखे करतात.