दामिनीच्या पॅचमधली गळती

मावला गावच्या अवधूतला हेवा वाटला तो मंगळवारी सकाळी सव्वानऊला. त्याच घटकेला शेजारच्या सुधाकररावांचं दूध गॅस न पेटवताच उतू गेलं, असं सुधाकरराव आजही शपथेवर सांगतात.

अवधूत घरी बसून कर्नलचं काम करायचा. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरची माणसं त्यातल्या सुधारणा, म्हणजे पॅच, एका ईमेल यादीवर पाठवतात आणि तिथले जाणते त्या सोलून पाहतात. आदिलाबाद जिल्ह्यातून त्या यादीवर एकट्या अवधूतचं नाव दिसायचं. लग्नकार्यात पानावर वरण पडायच्या आत तो ही गोष्ट सांगून मोकळा व्हायचा.

मंगळवारी दुसरं नाव आलं. दामिनी, मुक्काम बेला. भाजीवाल्या फकिराची मुलगी!

आणि विषय कुठला? सॉकेटच्या मेमरीवाटपाची फेरमांडणी. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा दोन्ही टोकांना एकेक सॉकेट असतं, आणि त्याला मेमरी लागते. ती मागायचा कोड सतरा ठिकाणी विखुरलेला. तो एका जागी आणायचा म्हणून अवधूत दोन वर्षं झटत होता आणि त्याचा पॅच अकरा वेळा परत आला होता. दामिनीचा पहिल्याच खेपेला सगळ्यांनी वाखाणला. शुक्रवारी तो आत घेणार होते.

"काऊन एवढे धुमसून राह्यले?" बायको जान्हवीने विचारलं.

"मी? मी तर खूश आहो. आपल्या जिल्ह्याची पोरगी."

"मंग टोस्ट सोडून चष्मा काऊन चहात बुडवून राह्यले?"

त्याने चष्मा पुसला आणि पॅच पुन्हा वाचला. इतका नेटका, की दात आंबले. त्याने जिथे नव्वद ओळी घातल्या होत्या, तिथे तिने अकरा. त्यातल्या एका ओळीकडे तर तो असा टक लावून बसला, की नजरेनेच तिचं एखादं अक्षर गळून पडावं.

पडलं नाही. मग बुधवारी त्याने संगणकात एक आभासी यंत्र उभं केलं, त्याला चिमूटभर मेमरी दिली, दामिनीचा पॅच लावला आणि जोडण्या उघडायला-तोडायला सुरुवात केली. लाख, दहा लाख, नव्वद लाख. संगणकाचा पंखा असा घोंघावला, की अंगणातले कपडे अर्ध्या तासात वाळले आणि एक परकर उडून दूरच्या वांकिडी गावात सापडला म्हणे.

गुरुवारी दुपारी घबाड हाती लागलं. जागा अपुरी पडून मागणी मधेच फसली, की आधी घेतलेली मेमरी परत जात नव्हती. थेंब थेंब गळत होती. लग्न ठरलं तेव्हाही अवधूतने एवढी उडी मारली नव्हती. त्याने साऱ्या जगासमोर, अगदी साजूक भाषेत लिहिलं, की या पॅचमुळे मेमरी गळते, तेव्हा शुक्रवारी तो घेऊ नये. जाणत्यांनी कळवलं, दामिनीचं उत्तर येईपर्यंत थांबतो.

शुक्रवारी सकाळी उत्तर स्कूटीवर बसून दारात आलं.

"दादा," हेल्मेट काढत दामिनी म्हणाली, "माझा पॅच न लावता चाचणी करून पाह्यली होती का तुमी?"

काही गळालं, तुटलं, की आधी जुन्या कर्नलवर तीच चाचणी करायची, हा या कामातला पहिला धडा. नवशिक्यांना अवधूत स्वतः तो दटावून शिकवायचा. गुरुवारी त्याला तो आठवलाही होता. पण आठवूनही त्याने न आठवल्यासारखं केलं होतं.

"जुन्यातबी तेवढंच गळते," दामिनीने लॅपटॉप उघडला. "सहा वर्षांपासून."

कर्नलमधली कुठली ओळ कोणी, कधी लिहिली, याची नोंद राहते. तिने पडदा वळवला. गळक्या ओळीसमोर अवधूतचं नाव होतं.

"यादीवर मी अजून काई लिहिलं नाई," ती हळूच म्हणाली. "माह्या पॅचमधेच दुरुस्ती मिसळून देतो. कोणाची चूक ते कोणाले कळणार नाई. वर तुमचे आभार मानतो."

पोरगी हुशार, हे अवधूतने कसंबसं गिळलं असतं. ती भलीही निघाली! आता प्रत्येक लग्नात, प्रत्येक पानावर, हे उपकार घशात अडकणार.

"नाई!" तो ओरडला. "दुरुस्ती वेगळी जाईल. चूक माझ्या कोणत्या बदलातून आली, त्याच्या क्रमांकासकट."

"मंग ती साऱ्या जुन्या आवृत्त्यांत जाईल दादा. दुनियाभर दिसन."

"दिसू दे. मीच पाठवतो."

स्वयंपाकघराच्या दारात जान्हवीचे डोळे भरून आले. नवऱ्याचं मन एवढं मोठं असेल, असं तिला वाटलं नव्हतं. अवधूतने तिचा गैरसमज दूर केला नाही. तो बसला आणि टाइप करू लागला, आणि टाइप करता करता त्याचा चेहरा उजळत गेला. चुकीची दुरुस्ती आधी आत घेतात, नवी मांडणी त्यानंतर. तशी रीतच आहे.

"म्हणजे आधी माझा पॅच जाईल," तो म्हणाला. "तुझा मागून."

"बरं दादा," दामिनी म्हणाली आणि त्याच्या दुसऱ्या ओळीत राहून गेलेल्या, ज्यावाचून कोड चालतच नाही अशा अर्धविरामाच्या जागेवर बोट ठेवलं.