बेसवाले सर

अवधूत सरांनी बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला ढीगभर गोष्टी पटवल्या, पण आपण बेस गिटारवर नेमकं काय करतो हे काही पटवता आलं नाही. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रापासून विनीताबाई प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसत आणि घरी येताना विचारत, "छान झालं हो, पण त्यात तुमचं कुठलं?" सर हसत. आतून मात्र त्यांना ते फार लागे.

निवृत्तीनंतर त्यांना पोलादपूरचा राजेश भेटला. तो लग्नाहळदीच्या बेंजो पार्टीत बेस वाजवायचा. रविवारी तो महाडला आला की दोघांच्या गप्पांना ऊत येई. सर जुन्या आठवणी काढत: टेंपोत स्पीकरला मिठी मारून केलेले प्रवास, ऐन कार्यक्रमात तुटलेली तार, उरलेल्या तीन तारांवर निभावलेली रात्र. राजेश सल्ले देई.

"सर, या तारा टाकू नका. मेल्या नायत, नुसत्या मळल्यात. धा मिन्टं पाण्यात उकळा, नव्यासारक्या बोलतील."

सरांनी उकळल्या, त्याही दुधाच्या पातेल्यात. विनीताबाईंनी ते तीनदा घासलं आणि दिवसभर अबोला धरला. तारा मात्र खरंच बोलू लागल्या.

पुढच्याच आठवड्यात राजेशच्या बोटाला कोयता लागला आणि नाते गावातल्या एका हळदीला सरांना वाजवायला बसावं लागलं. विनीताबाईही आल्या. आज तरी हिला आपण ऐकू यावं, एवढंच सरांच्या मनात होतं.

"बेसचा अँप घराच्या भिंतीला टेकवा, आवाज भरून येतो," राजेश म्हणाला. तसंच केलं. मांडव नाचायला लागला.

तिसऱ्या गाण्याला नवरदेवाचा मामा रंगात आला आणि त्याचा पाय वायरीत अडकला. अँपमधली पिन उपटली गेली. बेंजो, ढोलकी, सगळं चालूच होतं, तरी नाचणारे गोंधळले. कुणी ढोलकीवाल्याकडे रागानं पाहिलं.

विनीताबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "अहो, काय बंद पडलं? एकदम सगळं पोकळ झालं."

"मी," सर म्हणाले.

सरांचे डोळे भरून आले. आजवर वाजवून जमलं नाही ते गप्प बसून जमलं होतं.

पिन परत बसवली, पण खोबणी सैल झाली होती, सारखी निसटायची. मग विनीताबाईंनी पदर खोचला, अँपशेजारी फतकल मारली आणि पिन मुठीत घट्ट दाबून धरली. "हं, वाजवा."

सरांनी वाजवलं. अँपचा थरथराट मनगटापर्यंत चढला तशा त्या दचकल्या, मग खुदकन हसल्या आणि मान डोलवू लागल्या.

तासाभरानं राजेश जेवायला बोलवायला आला. "वयनी, चला, पान वाढलंय."

"तू जेवून घे रे," विनीताबाई मूठ न सोडता म्हणाल्या. "आमचं वाजवणं चाललंय."