कपाशीतली वाट

पारोळ्याच्या किल्ल्यावरचा ससाणा सकाळी शिकार करतो, म्हणून रुपचंद आपली शर्यतीची कबुतरं दुपारीच सरावाला सोडायचा. त्या दिवशी मात्र ससाणा भर दुपारी आला. थवा फुटला, आणि ससाणा राखी नावाच्या मादीवर दगडासारखा कोसळला. पण राखीने ऐनवेळी पंख मिटून खाली झेप घेतली आणि कपाशीच्या दोन ओळींमधून जमिनीलगत सुसाट निघाली. ससाणा वर घिरट्या घालत राहिला. थोड्या वेळाने ती रुपचंदच्या घराच्या गच्चीवर उतरली आणि शांतपणे पाणी प्यायली.

"तिले हाई कोणी शिकाडं?" बायको कोकिळाने विचारलं.

"मी तं नही शिकाडं," रुपचंद म्हणाला. रोज जिला ओंजळीत धरायचा, तिला हात लावायचं त्याचं धाडस होईना.