वेगात चढणारा ताप

"तापलं मेलं पुन्हा. आणि नेमकं अर्ध्या वाटेत."

हे बाबांचं पुटपुटणं. माझ्या डोक्यावरच्या फळीवर उभे राहून ते रोज असं बोलतात आणि त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही. मित्रांनो, ते 'मेलं' म्हणजे मी. एका प्रवासी लाँचच्या पोटात बसवलेलं जुनं डिझेल इंजिन. बाबा म्हणजे लाँचचे मालक, आणि ती चालवणारेही तेच. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

मी कारखान्यातून आलो तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता की बाबांनी माझ्यात बघून मिशी नीट केली होती. त्यानंतर सव्वीस वर्षं मी खाडीच्या या काठाची माणसं त्या काठाला नेली. शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेले आजारी, एकदा तर सगळ्यांच्या चपला चाटणारा बोकड. "यांचं इंजिन म्हणजे घड्याळ आहे," असं लोक म्हणायचे. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि संध्याकाळी मला जरा जास्तच पुसायचे.

गेल्या वर्षी मात्र मला ताप येऊ लागला. तोही हिशेबी. हळू चाललो की काही नाही. वेग वाढवला की काटा लाल रेघेकडे. पण ओहोटीच्या ओढीला हळू चालून भागत नाही, लाँच पुढे सरकतच नाही. दोनदा आम्हाला दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. त्यात एकदा दिवस भरलेली बाई होती. तिचं सगळं सुखरूप झालं, पण बाबांना दोन दिवस घास गेला नाही.

मेकॅनिक आला. हा बाबांच्याच हाताखाली शिकलेला, अजून त्यांना उस्ताद म्हणणारा. माझं अंग गार राहतं ते खालून ओढलेल्या पाण्यावर. म्हणून त्यानं पाण्याची जाळी धुतली, पंपातलं रबरी चाक बदललं, थर्मोस्टॅटही बदलला. दर वेळी धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये मला चालू करून बघितलं. बांधलेल्या जागी मी निवांत फिरतो. तिथे मला कशाला ताप येतोय?

एकाच गोष्टीला त्यानं हात लावला नाही: तळातून पंपाकडे पाणी नेणारी काळी नळी. त्याची नजर तिच्यावर दोनदा गेली आणि दोनदा परत आली. ती बाबांनी गेल्या वर्षी स्वतः बसवली होती. उस्तादांचं काम तपासायचं कोणी?

"म्हातारं झालंय, काढून टाका," शेवटी तो पाना पुसत म्हणाला.

"सोमवारी काढू," बाबा म्हणाले. "हे गेलं की मीही घरी बसतो. नव्याशी सोयरीक जुळवायचं वय नाही माझं."

रविवारी सकाळी प्रवासी नव्हते. लेकीनं केस घट्ट बांधले, फळी उचलली आणि टॉर्च घेऊन माझ्याशेजारी पालथी पडली.

"बाबा, घ्या पूर्ण वेगात."

"अगं, वेड लागलंय का तुला? पट्ट्यात हात जाईल."

"माझे हात माझ्यापाशी आहेत. तुम्ही घ्या तर खरं."

इतक्या दिवसांत मला धावताना कोणी पाहिलं नव्हतं. मी धावलो. पंपानं जोरात पाणी ओढलं आणि नळी आत बसली. मऊ नळीनं काही घट्ट प्यायला गेलात की ती कशी चपटी होते, अगदी तशी. पाणी अडलं, मी तापलो. वेग कमी केला तर नळी पुन्हा गोल, जणू ती त्या गावचीच नाही.

गेल्या वर्षी बाबांबरोबर नळी घ्यायला गेली होती ते दुकान लेकीला आठवलं असणार. तिथे दोन नळ्या होत्या, दोन्ही काळ्या. एकीच्या आत तारेचं वेटोळं होतं, तिला चपटं होताच येत नाही. फरक लिहिला होता तो बारीक अक्षरांत. बाबांनी नळी लांब धरली, जवळ धरली, आणि "हीच" म्हणाले. "बघू, मी वाचते" असं तिनं म्हटलं नव्हतं. घरात चष्म्याचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठायचे.

मित्रांनो, तुमच्याही घरी काहीतरी तापत असेल, यंत्र असो की माणूस. बसल्या जागी त्याची विचारपूस करून भागत नाही. ते धावत असताना जरा जवळ जाऊन बघा.

लाँच धक्क्याला लागली. दोर धरायला मेकॅनिक उभा होता.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

लेक टॉर्चचं बटण दाबत राहिली. "नळी जरा..."

"हल्ली रबरच तसलं येतं, उस्ताद," मेकॅनिक घाईनं म्हणाला.

बाबा खाली उतरले. मला बंद केलं. नळी दोन बोटांत धरून दाबली. ती दबली.

"रबराला कशाला बोल लावतोस? चुकीची आणली मी. पलीकडचा काठ मला लख्ख दिसतो, पण हातातलं दिसत नाही. चष्मा लागलाय मला. तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं."

मग ते माझ्याशेजारी मांडी घालून बसले आणि लेकीच्या हातातला टॉर्च घेतला.

"तारेची नळी घेऊन ये, पोरी. तू बसव. मी उजेड धरतो."