हसण्यामागून आलेले फोटो

नागसेन कांबळेला कॅमेरा घ्यायचा होता आणि तो काही केल्या मनासारखा मिळत नव्हता. न मिळायला काय झालं होतं म्हणा! दोन हजार सात साल ते. भाऊसिंगजी रोडवरच्या दुकानात काचेच्या कपाटात डिजिटल कॅमेरे साबणाच्या वड्यांसारखे ओळीनं मांडलेले असायचे. पण हा गडी पडला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला, फौंड्रीत माल तपासणारा. दिवसभर ओतीव माल उलटापालटा करायचा, त्यातली खोट शोधायची आणि बाजूला टाकायचा. ती खोड त्याच्या अंगात इतकी मुरली होती की मंडईतल्या बायका त्याला लांबून बघितलं की वांगी झाकून ठेवायच्या.

"कशासाठी पायजे सर? लग्नकार्य हाय? का ट्रिप?" दुकानातल्या आदर्शनं विचारलं. आदर्श तसा गुणी पोरगा होता, पण गिऱ्हाइकाला गप्प बसू द्यायचं नाही हा त्याचा नेम.

"रोजच्याला."

"रोज काय काढणार?"

आता याला काय सांगायचं? नागसेन सुभाषनगरात एका खोलीत एकटा राहायचा. लग्न झालं होतं, नाही असं नाही. बायको दोन वर्षं नांदली आणि एकदा माहेरी गेली ती परत आलीच नाही. भांडणतंटा काही नव्हता. "तुमच्याशी बोलण्यापरास भित्तीशी बोललेलं बरं," एवढंच ती जाताना म्हणाली, आणि तिचं काही खोटं नव्हतं. त्यालाही बारा वर्षं उलटून गेली. आता खोलीत बोलायला भिंतीच उरल्या होत्या आणि त्या कुणाला उत्तर देतात?

त्याला जीव लावणारं एकच माणूस या जगात होतं. आक्का, त्याची थोरली बहीण शेवंताबाई. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. आक्कानंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, मार दिला आणि मोठा केला. ती शाहूवाडी तालुक्यात डोंगराकडच्या गावात असायची. दाजी वारले होते, पोरं पुण्याला पोटामागं गेली होती. नागसेन महिन्याकाठी एकदा तिच्याकडं जायचा आणि कशासाठी म्हणाल, तर तिचं हसणं ऐकायला. काय हसायची बाई! पुढचा एक दात पडलेला, पण तोंड उघडलं की खांदे, पोट, हातातल्या बांगड्या, सगळं हसायचं. ते ऐकून आला की त्याचे पुढचे चार दिवस बरे जायचे. मग पुन्हा खोली, स्टोव्ह आणि ठणठणाट. म्हणून त्याला ते हसू फोटोत धरून आणायचं होतं आणि खोलीत पलंगासमोर लावायचं होतं.

पण इथंच तर घोडं पेंड खायचं. आक्काला कॅमेरा दिसला की संपलंच. "थांब रं, लुगडं बदलून येते!" म्हणून ती जी आत पळायची, ती तोंड धुऊन, पावडर लावून, जयंतीला नेसायची ती पांढरी साडी नेसूनच बाहेर यायची. मग खुर्चीत ताठ बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ गच्च मिटलेले. घरात तिचे जेवढे म्हणून फोटो होते त्या सगळ्यांत ती तलाठ्याकडं तक्रार घेऊन आल्यासारखी दिसायची. तिचंच काय घेऊन बसलात, सगळ्या गावाची तीच तऱ्हा. अंगावरच्या कपड्यांवर फोटो काढणं म्हणजे त्या माणसांना उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटायचं.

म्हणून कॅमेरा लहान पाहिजे होता. शर्टाच्या खिशात मावणारा, आवाज न करणारा, काढला तरी कुणाच्या डोळ्यांवर न येणारा.

आदर्शनं शेवटी दोन पुढं ठेवले. "हा बघा, जरा जाडजूड हाय, पर गडी चपळ हाय. आन् हा दुसरा, बारीक. खिशात घातला तर तुमचं तुम्हालाच कळणार न्हाय."

नागसेननं दोन्ही पारखले. दुकानातला बंद पंखा काढला, काउंटरवरचा गणपती काढला. "माझा काढा की," म्हणून आदर्श पुढं आला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. फोटो लख्ख आले. जाड्या कॅमेऱ्यानं शर्टाचा खिसा लोंबायला लागला, तेवढी एक खोट काढून नागसेननं बारीक कॅमेरा घेतला. आपण किती चोखंदळ, या विचारानं तो वाटेत स्वतःशीच हसलाही.

मग त्यानं हात बसवला. सकाळचं ऊन खिडकीतून पाण्याच्या तांब्यावर पडायचं, ते काढलं. उंबऱ्यावरची ओली चप्पल काढली. स्टोव्हचा निळा जाळ, दोरीवरचा एकटाच सदरा, भिंतीवर पडलेली स्वतःची सावली. गंमत म्हणजे फोटो खरोखर झकास यायला लागले. रोज तोंड धुताना ज्या तांब्याकडं कधी बघितलं नव्हतं तो असा चांदीचा होऊन बसायचा की नागसेनला कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटायचं. पण हाक मारायची कुणाला? कॅमेरा तो उशाशी ठेवायचा आणि दिवा मालवायचा. आता ध्यानात घ्या, एवढे फोटो काढले त्यात हलणारं, बोलणारं, हसणारं माणूस एकही नव्हतं. ते त्याच्याजवळ नव्हतंच.

भाताची मळणी उरकत आली तेव्हा तो गावाला गेला. आक्का अंगणात सुपानं भात पाखडत होती.

"आलास व्हय रं? वाळलास की! खातोस का न्हाईस?"

"खातोय की. तू बस, पाखड." तो पायरीवर टेकला. कॅमेरा तळहातात लपवून गुडघ्यावर ठेवला आणि केरबाची गोष्ट काढली. केरबा त्याच्या खात्यातला. कंपनीच्या ओळखपत्रावर फोटो पाहिजे म्हणून गड्यानं नवा कोट घेतला, केसांना तेल थापलं आणि दुकानातली किमतीची चिठ्ठी कॉलरला तशीच लोंबकळत ठेवून फोटो काढून आला! "आता गेटवरचा वॉचमन त्याला रोज इचारतोय, काय पावणं, किती कमी करणार?"

आक्का हसली. सूप बाजूला पडलं, भात सांडला, आणि तिनं जे मांडीवर थाप मारून हसायला सुरुवात केली ते बघून शेजारची तानाबाई कुंपणावरून डोकावली. नागसेननं बटण दाबलं. त्यानं आणखी दोन-तीन किस्से सांगितले, आक्का दर वेळी हसली, त्यानं दर वेळी दाबलं. तिला पत्ताही लागला नाही. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण बघायची गरजच काय? हसू खिशात पडलं होतं, ते आता मोठं करूनच बघायचं. जेवण झालं आणि दुपारच्या एसटीनं तो परतही निघाला. आक्का म्हणाली, "आजच्याला ऱ्हा की." तो म्हणाला, "सकाळची पाळी हाय गं." दर वेळी हेच बोलणं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो थेट दुकानात गेला. "मोठ्ठा करून दे. भित्तीवर लावायचाय."

आदर्शनं फोटो कॉम्प्युटरवर उघडले.

एकाही फोटोत हसू नव्हतं. हसू नुकतंच जाऊन संपलेलं होतं. तोंड मिटलेलं, मांडीवर थाप मारलेला हात तसाच उघडा पडलेला, आणि डोळे रिकाम्या वाटेकडं लागलेले. एकात नव्हे, सगळ्यांत. आक्का हसून झाली की लगेच तिचा चेहरा असा होतो, हे नागसेननं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. बघणार कसा? ती हसली की तोही मान खाली घालून हसायचा, आणि त्याची मान वर व्हायच्या आत ती पुन्हा सूप उचलायची.

"तरी म्हणत होतो, जाडा घ्या," आदर्श हळहळला. "हा बटण दाबल्यावर आधी इचार करतोय, मग फोटू काढतोय. वरातीमागनं घोडं! मी उभा ऱ्हायलो तवा कळलं न्हाय, मी हललोच न्हाय की. तुम्ही बदलून घ्या सर. मालकास्नी मी सांगतो. जाड्यात नेमकं हसणं घावंल."

नागसेनचं लक्ष नव्हतं. तो चेहरा त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना आरशात तो हाच बघायचा. महिन्याकाठी जायचं, दोन गमती सांगायच्या, बाईला हसवायचं, आपलं पोट भरून घ्यायचं आणि एसटी धरायची! मागं ती काय करते? ताट घासते आणि वाटेकडं बघत बसते. एवढा माल तपासणारा माणूस, आणि घरचंच माणूस कधी नीट बघितलं नाही. त्याला स्वतःचीच चीड आली.

"बदलायचा?" आदर्शनं विचारलं.

"नगं. हाच ऱ्हाऊ दे."

त्यानं चार दिवसांची रजा टाकली. खात्यातल्या लोकांना आश्चर्य वाटलं, कारण हा रजा घेतो हे कुणाला माहीतच नव्हतं.

सकाळच्या एसटीनं तो उतरला आणि फणसाच्या झाडाजवळ थबकला. आक्का पायरीवर बसली होती. समोर काही काम नव्हतं. तोच चेहरा. कॅमेरा खिशात होता, पण त्यानं तो काढला नाही. तेवढ्यात तिनं त्याला बघितलं आणि लगबगीनं तिचं तोंड हसायला लागलं. "आगं बया! कालपरवा तर आलतास की रं! काय इसरलास?"

"काय न्हाय इसरलो. ऱ्हायला आलोय. चार दिस."

"ऱ्हायला?" आक्काचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "बरा हाईस न्हवं?"

तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्याला मनातलं बोलणं कधी जमलं नव्हतं, पण आज त्यानं बोलायचं ठरवलं होतं. "खोलीत लई एकटं वाटतंय आक्का," तो म्हणाला. "करमत न्हाय मला."

आक्कानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. हसायला नव्हे. मग म्हणाली, "मलाबी तसंच हाय रं बाळा. पर सांगायचं कुणाला? तू येतोस त्येबी एवढ्यापुरता. मग म्हटलं, हसतमुखानं तरी धाडावं."

कोंबड्या अंगणात सांडलेला भात टिपत होत्या. मग तिची नजर त्याच्या खिशाकडं गेली. "त्ये काय हाय? कॅमेरा हाय व्हय? परवाच्याला बी हुता त्यो तुझ्या हातात. मला काय दिसत न्हाय वाटतं?"

नागसेन ओशाळला. "राग आला?"

"राग कशाचा?" तिनं डोळे पुसले आणि केसांवरून नुसता एक हात फिरवला. अंगावर रोजचंच लुगडं होतं, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं. "काढ की आता."

लुगडं बदलायला ती उठली नाही.