न विचारता भरलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलं आहे आणि लाल बटण एकदा आत गेलं की बाहेर यायला कुरकुर करतं. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू सहसा आपला मोठेपणा सांगतात. मी माझी लाज सांगणार आहे.

मला घडवलं ते गाणी आणि भाषणं टिपण्यासाठी. पण मी पडलो खडखड्याच्या हाती. हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं. त्याला गोड गाण्यांत रस नव्हता. लिफ्टचं दार, बिघडलेला पंखा, पाण्याचा पंप यांचे आवाज तो माझ्याकडून टिपून घ्यायचा, फितीचे तुकडे ब्लेडने कापून जोडायचा आणि त्यालाच संगीत म्हणायचा. शेजारी म्हणायचे, "डोकं उठवतो हा." मला मात्र तो रोज मऊ फडक्याने पुसायचा, आणि मी फुशारून जायचो.

त्याचे बाबा पत्रा कापायच्या प्रेसवर सव्वीस वर्षं कामाला होते. पोराच्या हट्टापायी एकदा ते मला डब्यासोबत घेऊन गेले. हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी मला चिंध्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि लाल बटण दाबलं. प्रेस धडधडली, मी पोटभर टिपलं. चहाच्या सुट्टीत प्रेस थांबली, पण मला बंद करायला बाबा विसरले. जोडीदार काही विचारत होता आणि बाबा दर वेळी म्हणत होते, "आं? काय? परत सांग." मग माझी फीत संपली. त्यानंतर जोडीदार त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "कान गेलेत तुमचे. सुपरवायझरला कळलं तर घरी बसवतील." बाबा म्हणाले, "तू सांगू नकोस, म्हणजे झालं."

हे मी ऐकलं. पण जे फितीवर नाही, ते मला बोलता येत नाही.

खडखड्याने प्रेसच्या ठोक्यावर बाबांचं "आं? काय?" बसवलं. त्याला ते मजेशीर वाटलं. त्याच्या पहिल्या कार्यक्रमाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. माझ्यातून त्यांचा आवाज पुन्हा पुन्हा निघाला आणि लोक पोट धरून हसले. लोक हसतात म्हणून बाबाही हसले. आई तेवढी हसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वाजतच राहिलो.

घरी जिना चढताना बाबा म्हणाले, "आमची प्रेस ओळखली मी. पायांना कळते ती. पण लोक हसत होते ते कशाला?"

"आवाजाला," खडखड्या पुटपुटला.

"कोणाच्या, ते सांग की," आई म्हणाली.

कान गेलेल्या माणसापाशी कबुली हळू देता येत नाही. "तुमच्या आवाजाला, बाबा. मी न विचारता वापरला." हे त्याला तीनदा ओरडावं लागलं. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली.

बाबा रागावले नाहीत. ते पायरीवर बसले. "या गाण्याच्या कॅसेटी लोकांना वाटल्यास का रे?"

"चाळीस," खडखड्या पुन्हा ओरडला.

"मला ऐकू येत नाही हे वर कळलं, तर नोकरी जाईल. त्याला एक कॅसेट पुरे आहे."

दुसऱ्या दिवसापासून खडखड्या मान खाली घालून दारोदार फिरला. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्यापुढे हात पसरून त्याने कॅसेटी परत मागितल्या आणि माझ्यातच एकेक पुसली. पुसताना मला जरा हलकं वाटलं, ते खोटं कशाला बोलू? एकोणचाळीस मिळाल्या. बाबा अजून कामावर जातात, आणि ते परत येईपर्यंत खडखड्याला घास गोड लागत नाही.

मित्रांनो, कोणाचा आवाज घ्यायचा तर आधी त्या माणसाला विचारा. आणि निळ्या झाकणाची, नाव न लिहिलेली एखादी कॅसेट तुमच्या घरात निघाली, तर ती वाजवू नका. तशीच आणून द्या. आम्ही वाट बघतो आहोत.