बर्फातली गाठ

गंगारामने थर्माकोलचा खोका लॅबच्या काउंटरवर ठेवला, झाकण काढलं आणि बर्फात कोपरापर्यंत हात घातला.

"अहो काका, मासे काय आणलेत इथे!" काउंटरवरची दीपाली खुर्चीसकट मागे सरकली.

"मासा नाय गो. आक्काची गाठ हाय."

त्याने प्लास्टिकची लहानशी पिशवी वर काढली. आत सुपारीएवढा मांसाचा तुकडा होता. सकाळीच मालगुंडजवळच्या एका दवाखान्यात त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सोनूबाईच्या छातीतून तो काढला होता. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिला होता आणि रत्नागिरीला नेऊन तपासायला सांगितलं होतं. कॅन्सर आहे की नाही, ते इथे कळणार होतं.

दीपालीने आतून डॉक्टर राजश्रींना बोलावलं. त्यांनी पिशवी उजेडात धरली.

"बाटलीत औषध होतं ना? ते कुठे गेलं?"

"ओतलं. वाटेत बूच काढून बघितलं, तर वास फॉर्मालिनचा! टिकायला ते लावलेला मासा मी जन्मात विकला नाय, मॅडम. मग आक्काच्या गाठीला कसं चालेल? पिशवीत घातली, तोंड घट्ट बांधलं नि बर्फात ठेवली. सुरमई मुंबईला जाते तशी."

राजश्रींनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आवरेना.

"काका, मासा खायचा असतो, म्हणून त्याला फॉर्मालिन नको. हा तुकडा आपल्याला बघायचाय. त्याला तेच हवं!"

गंगारामचा चेहरा उतरला.

"म्हणजे वाया गेला? तिला परत कापायला लागलं, तर ती आधी मला कापील."

"पिशवीत पाणी शिरलेलं नाही. बघू. परवा या."

त्यांनी तुकडा नव्या औषधात सोडला.

ते दोन दिवस गंगाराम बहिणीसमोर उभा राहिला नाही.

"गंग्या, मेल्या, नीट दिलीस ना माझी गाठ?" ती आतूनच ओरडायची.

"दिली गो," म्हणत तो अंगणातूनच सटकायचा.

गाठ लागते असं सोनूबाई बोलली, त्याच दिवशी त्याने तिला ओढत दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या बायकोने, कमळाने, आपली गाठ पदराखाली लपवली होती. ती बोलली तेव्हा फार उशीर झाला होता.

परवाचा दिवस उजाडला. राजश्रींनी त्याला आत नेऊन मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"बघा. हे कडेला फाटल्यासारखं दिसतंय ना, तो तुमचा बर्फ. मधलं सगळं स्वच्छ आहे. साधी गाठ. कॅन्सर नाही."

गंगारामला गुलाबी रानात जांभळे ठिपके दिसले. मग ते धूसर झाले. तो बाहीने भिंग पुसू लागला.

"शर्टाने नको, काका!"

"ओलं झालं हो," तो म्हणाला. नाक पुसून त्याने विचारलं, "आता उरलेल्या तुकड्याचं काय करणार? आक्का विचारील."

"मेणात बसवून ठेवतो. पुढे कधी बघायची वेळ आली तर." राजश्रींनी भिंतीलगतच्या लहान लहान खणांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "इथे आलेल्या सगळ्यांचे आहेत त्यात."

गंगाराम कपाटाकडे बघत राहिला.

"कमळाचा पण इथंच आणलेला. माझी बायको. वारली ती."

"मग असेल," राजश्री हळू म्हणाल्या.

"मेण म्हणता. मे महिन्यात वितळत नाय ना?"

"नाही, काका. या खोलीत एसी असतो."

"बरंय. तिला उकाडा अजिबात सोसायचा नाय."

राजश्रींनी एक स्टूल कपाटाशेजारी सरकवलं आणि त्या पुढच्या तुकड्याची काच बघायला वळल्या.

तो बाहेर आला तेव्हा खिशातला फोन वाजतच होता.

"काय नाय गो, आक्का. साधी गाठ निघाली!"

"मग सांगायला काय झालं? मी इथं देव पाण्यात घालून बसलेय! लॅबात फोन केला, तर काउंटरवरची पोरगी म्हणते, काका मघाच मोकळे झाले. कुठं होतास इतका वेळ?"

"कमळाजवळ बसलेलो जरा."

कुठं, कसं, हे तिने विचारलं नाही.

"मग एवढ्यात उठलास कशाला?" सोनूबाई म्हणाली.